उंदरांनी कुरतडलेला गठ्ठा

४ जानेवारी, सोमवार

बटण,

अक्षर बघून फसू नकोस. अक्षर अर्जवाल्यांचं आहे, बोलणं तुझ्या आजीचं. कचेरीच्या पायऱ्यांशी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारे ते गृहस्थ आठवतात ना, त्यांच्यासमोर स्टुलावर बसून मी बोलतेय आणि ते मान हलवत लिहितायत. सुरुवातीला ‘अनेक आशीर्वाद’ घालू का, म्हणाले. मी म्हटलं, अकरा वर्षं तोंड न बघितलेल्या नातीला एकदम अनेक नकोत, तिला संशय येईल. आधी कामाचं लिहा.

मी सांगते तेच हे लिहितायत कशावरून, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं. म्हणून ठरवलंय, पत्र झालं की पाकीट न चिकटवता औषधाच्या दुकानात न्यायचं आणि औषधवालीकडून वाचून घ्यायचं. ती डॉक्टरांचं अक्षर वाचते, तिला कुणाचंही वाचता येतं. हे ऐकून अर्जवाल्यांनी आत्ता चष्मा काढून पुसला. दुखावले असतील. लिहा हो, हेही लिहा.

तुझा पत्ता कसा मिळाला ते सांगते, नाहीतर तू त्यातच अडकून बसशील. काचेच्या दुकानाचा मालक मालासाठी तुमच्या शहरात आला होता. तिथल्या गोदामात विजेच्या मीटरचे आकडे टिपायला एक बाई आली, ती तू. त्यानं तुला ओळखलं, तू त्याला ओळख दाखवली नाहीस. बरं केलंस, तो माणूस ओळख दाखवण्यासारखा नाहीच. पण तू अजून आकडेच वाचतेस हे ऐकून मला बरं वाटलं. माझे नाहीत तर नाहीत, मीटरचे तरी.

आता काम. अठ्ठावीस फेब्रुवारीनंतर कागदी नोटा बंद, हे तुमच्याकडेही ओरडून सांगत असतील. नोटा बँकेत नेऊन द्यायच्या, तितका आकडा फोनमध्ये दिसायला लागेल, आणि मग जन्मभर तो आकडाच खर्च करायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांची सोय केलीय म्हणे. त्यांचा फोन बोलतो. पण बोलणाऱ्या फोनवर सरकारचाही भरवसा नसावा, कारण माझ्यासारख्या प्रत्येकानं एक वाचता येणारा माणूस नेमायचा आहे. त्याला सहायक म्हणतात. तो दूर असला तरी चालतं. माझं बोट आणि त्याचं बोट, दोन्ही लागल्याशिवाय पैसा हलणार नाही. सहायक नाही तर खातं नाही, आणि खातं नाही तर एक मार्चला माझ्या पेटीत निव्वळ रद्दी.

पेटीत किती आहेत विचारू नकोस. अर्जवाल्यांचा हात थांबलाय आणि कान टवकारलेत. एवढंच सांगते, चाळीस वर्षं लोकांच्या फाटक्या नोटा चिकटवून एखादी बाई जितक्या धड नोटा बाजूला टाकेल, तितक्या. घर येणार नाही त्यात. माझं मरेपर्यंतचं औषधपाणी आणि कुणापुढे हात न पसरणं, तेवढं येईल.

तुझा मामा सहायक व्हायला तयार आहे. फार तयार आहे. मी न सांगता अर्ज आणला, स्वतःचं नाव भरून ठेवलं, आणि म्हणतो, ‘आई, तू फक्त अंगठा दे.’ ज्याला माझ्या गुडघ्याचं औषध आणायची तीनदा आठवण करावी लागते, त्याला हे बरं आपणहून आठवलं! माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. चुकचुकते काय, किंचाळते आहे.

म्हणून तुला विचारते. तू होशील का सहायक?

त्या जुन्या प्रकरणाबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. एका दुकानदाराच्या चाळीस नोटा उंदरांनी कुरतडल्या, त्यांचे तुकडे जुळवताना तू आकडे वाचण्यात चुकलीस, बँकेनं धरलं आणि तुझं नाव त्यांच्या वहीत गेलं. होतं माणसाच्या हातून. मी कधी बोलून दाखवलं का? तू मात्र त्याच आठवड्यात पिशवी उचलून निघून गेलीस, माझ्याकडे वळूनही न बघता. मी धरून बसले नाही, तूही बसू नकोस.

कोरा अर्ज सोबत आहे. वाटलं तर भर.

खाली अंगठा माझाच आहे. शाईचे पैसे अर्जवाले वेगळे घेणार आहेत.

आजी


१९ जानेवारी, मंगळवार

चिरंजीव बटण हिला,

हे पत्र तुझी मामी लिहून देते आहे. अर्जवाल्यांना ताप आलाय आणि मामीचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. (मामी विचारते, ‘सगळे म्हणजे कोण?’ मी म्हटलं, तू लिही.)

घरी सगळं उत्तम आहे. तुझा मामा फार चांगला वागतो. फार म्हणजे फारच. आता गुडघ्याचं औषध न सांगता येतं. मामीही माझी काळजी घेते. माझ्या पेटीचीसुद्धा घेते, एक दिवसाआड तिच्यावरची धूळ पुसते. इतकी चकचकीत ती नवी होती तेव्हाही नव्हती.

मी तुला विणकामाचा जो नमुना पाठवला होता, तो मिळाला का? मिळाला असेल तर पुरा करून लवकर पाठव, फेब्रुवारी संपला की त्याचा उपयोग नाही. (मामी विचारते, ‘आई, तुम्ही विणायला कधी लागलात?’ मी म्हटलं, या वयात माणसानं काहीतरी नवं शिकावं.)

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आता एक डबी बसवलीय. कुणी फोननं पैसे दिले की त्यातली बाई खणखणीत आवाजात सांगते, इतके इतके मिळाले. मी दुकानदाराला विचारलं, ‘ही कोण रे?’

‘कुणी नाही आजी, यंत्र आहे.’

‘मग बाईचा आवाज कशाला दिलाय?’

‘लोकांचा विश्वास बसावा म्हणून.’

बघ, म्हणजे विश्वास बसत नव्हता हे त्यांनाही माहीत होतं. आणि ती कधी चुकत नाही, अडखळत नाही, खोकत नाही. इतकी वर्षं मी माणसं बघतेय, जो कधीच अडखळत नाही त्याच्याकडे मी पाठ करून बसत नाही.

माझ्याकडे आता आठवड्यातून एखादी फाटकी नोट येते. परवा एकजण धड नोट घेऊन आला. म्हणाला, ‘आजी, मोठी नोट कुणी घेईना, सुटे द्या.’ मी म्हटलं, बाबा, मी फाटक्याच घेते, धड नोट बँकेत नेली तर मला रांगेत उभं करतात, फाटक्यांच्या खिडकीला रांग नसते. त्यानं तिथल्या तिथे टर्रकन फाडली आणि हातात दिली. मी माझा मेहनताना कापून सुटे दिले. धंद्याला असे दिवस आलेत.

मामीचा हात दुखायला लागला. थांबते.

आजी


६ फेब्रुवारी, शनिवार

बटण,

अर्जवाले बरे झाले. मागच्या पत्रातलं कौतुक निम्म्यानं कमी कर. विणकाम म्हणजे काय ते तुला कळलं, कारण अर्ज आला. तुझं नाव, पत्ता, जन्मतारीख, सही, तुझ्या वीज खात्याचा शिक्का, सगळं जिथल्या तिथे. सोबत ओळ मात्र एक नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. औषधवालीनं दिव्यासमोर धरून पाहिलं. काही नाही.

इतक्या झटकन हो का म्हणालीस? खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की हिला पेटी हवी आहे. दुसरं आलं, ही ऐनवेळी हात काढून घेणार आणि माझ्या नोटांची रद्दी झालेली लांबून बघणार. तिसरंही काहीतरी आलं होतं, पण ते चांगलं होतं, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

मामीचं सांगते. पेटीवरची धूळ ती का पुसत होती ते उलगडलं. परवा दार लोटून माझ्यासमोर बसली आणि उशीच्या अभ्र्यातून नोटांची पुरचुंडी काढली. भाजीतून, धुण्यातून, लोकांचे कपडे उसवून देऊन साठवलेल्या. म्हणाली, ‘आई, ह्या फोनमध्ये टाकल्या तर ह्यांना दिसतील. ह्यांच्या फोनमध्ये सगळं दिसतं, मी कधी काय घेतलं, किती वाजता घेतलं. तुमच्या पेटीतल्या नोटांत मिसळून टाकू का?’ पंधरा वर्षं मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, आणि ती माझ्या पेटीतून काढायला नव्हे, माझ्या पेटीत टाकायला टपली होती! मी म्हटलं, खर्च करून टाक गं, अजून तीन आठवडे त्या नोटा आहेत. तिनं शिलाईचं यंत्र घेतलं. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंनी दिलं. मीही हो म्हटलं. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की माझ्याकडे आणखी किती असतील याचा हिशोब त्याच्या कपाळावर दिसला. असू दे.

आता दुसरं. तू सहा वर्षांची असल्यापासून माझे आकडे वाचायचीस. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, अंगरख्याचं बटण गिळून बसली होतीस, आणि दोनच वर्षांत माझा धंदा तुझ्या डोळ्यांवर चालायला लागला. नोटेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा असतो. तुकडे जोडले आणि दोन टोकांचे आकडे वेगळे निघाले तर बँक घेत नाही, वर पोलिसांचं नाव काढते. मला आकडे येत नाहीत. खळ माझी, बोटं माझी, वाचणं तुझं. ‘शेवटी सात, शेवटी सात, जोड आजी,’ असं म्हणायचीस.

त्या चाळीस नोटांच्या वेळीही तू घरी होतीस असं मी म्हणत आले. आता वाटतं, तू सकाळी असशील आणि दुपारी नसशील. किंवा आदल्या दिवशी असशील. वय झालं, गोंधळ होतो.

हे सांगितल्यावर अर्जवाल्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘आजी, तीस वर्षं अर्ज लिहितोय. वय झालं असं माणूस कधी लिहायला सांगतो ते मला कळतं.’

‘कधी सांगतो?’

‘सगळं लख्ख आठवत असतं तेव्हा.’

मी म्हटलं, तुम्ही लिहायचे पैसे घेता, ऐकायचे नाही. त्यांनी पेन उचललं. पण आज माझीच जीभ रेटेना. बुधवार, चोवीस तारीख बँकेनं दिलीय. तेव्हा तुझा अर्ज घेऊन जाईन.

आजी


२४ फेब्रुवारी, बुधवार

बटण,

बँकेतून सरळ अर्जवाल्यांच्या टेबलाशी आलेय. मामा रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाठ करून उभा आहे. आज पत्र औषधवालीकडून वाचून घ्यायचं नाही, वेळ नाही आणि अर्जवाल्यांना आज काही वेगळं लिहिण्याचा धीर होणार नाही.

जसं झालं तसं सांगते. पेटी मामानं उचलून आणली, इस्त्रीचा शर्ट घालून. सहायक तू आहेस हे मी त्याला सांगितलं नव्हतं. नव्या खात्यांच्या खिडकीत एक मुलगी होती, सर्दीनं नाक लाल झालेली, हातात रुमाल. मी तुझा अर्ज सरकवला. मामानं वाकून वाचला आणि म्हणाला, ‘आई, ही? जिनं तुला याच बँकेत तोंडघशी पाडलं, ती?’

मी काही बोलले नाही. बघ, तेव्हाही बोलले नाही.

मुलीनं तुझं नाव यंत्रात घातलं आणि पडदा लाल झाला. मला वाचता येत नाही, लाल कळतो.

‘आजी, या नावापुढे डाग आहे. वेगवेगळ्या नोटांचे तुकडे जोडून फसवणूक. हे नाव चालणार नाही.’

‘अगं, ते अकरा वर्षांपूर्वीचं, वहीतलं. त्या वहीला एव्हाना वाळवी लागली असेल.’

‘वह्या फेकल्या आजी. पण फेकायच्या आधी सगळ्या यंत्रात उतरवून घेतल्या.’

‘मग यंत्रातून किती वर्षांनी जातं?’

‘जात नाही.’

कागद झिजतो, भिजतो, विरतो, त्यावरच माझं पोट चाललं. आणि अकरा वर्षं मी त्या वहीच्या भरवशावर बसले होते, की तीही कधीतरी झिजेल, तुझं नाव आपोआप पुसलं जाईल आणि मला काही करावं लागणार नाही.

‘मुलाचं नाव टाकू या का? पाच मिनिटांचं काम आहे,’ मुलगी म्हणाली. मामानं खिशातून भरलेला अर्ज काढलासुद्धा.

मी विचारलं, ‘आणि तो डाग काढायचा असेल तर?’

‘ज्यानं तेव्हा तिचं नाव सांगितलं त्यानं जबाब बदलायला हवा.’ तिनं पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडे. ‘नाव तुम्हीच सांगितलंय आजी. तुम्ही बदललंत तर डाग तुमच्या नावावर येईल. मग तुमचं खातं उघडता येणार नाही. ह्या नोटा सील होऊन चौकशीत जातील. तारीख उलटून जाईल. पुढे पैसे मिळतील की नोटांचा भुगा होईल, मी सांगू शकत नाही.’

‘अर्धा डाग माझ्यावर आणि अर्धा तिच्यावर, असं नाही का करता येणार? माझा धंदाच अर्ध्यांचा आहे.’

मुलगी हसली, शिंकली, आणि म्हणाली, नाही.

मी पाणी मागितलं. बाकावर बसून प्यायले. पेला मोठा होता, संपेपर्यंत मी सगळं आठवून घेतलं. तेच आता लिहवून घेते.

तू त्या दिवशी घरी नव्हतीस. बँकेच्या नोकरीची परीक्षा द्यायला दोन दिवस परगावी गेली होतीस. दुकानदार चाळीस नोटांचा गठ्ठा घेऊन आला. उंदरांनी मधोमध कुरतडलेला, डावे तुकडे वेगळे, उजवे वेगळे, सगळे एकत्र कालवलेले. त्याला घाई होती. मी म्हणू शकले असते, नात परवा येईल तेव्हा या. पण तू नोकरीला लागणार, मग माझं कसं होणार, हे चार महिने घरात जो येईल तो विचारत होता. मला दाखवायचं होतं की तुझ्यावाचून माझं अडत नाही. फाटलेल्या कडा मी बोटांनी ओळखते, कापडासारख्या. एक कड दुसरीत अशी बसते की आकडे बघायची गरज नाही. चाळीसच्या चाळीस बसल्या. मी इतकी खूश होते की खळ वाळायच्या आत नोटा बँकेत नेल्या.

गठ्ठा एकत्र कुरतडला होता गं. उंदरानं एकच घास घेतला होता, तो चाळीसही नोटांत उमटला होता. कुठलीही डावी कुठल्याही उजवीत बसत होती. माझ्या बोटांना हे कळायला हवं होतं. नाही कळलं.

एकतीस नोटांचे आकडे चुकले. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, आकडे कोण वाचतं? मी म्हटलं, माझी नात. खोटं नव्हतं ते, वाचायचीस तूच. फक्त त्या दिवशी नाही. साहेबांनी नाव विचारलं, मी सांगितलं. मग तू परत आलीस, सगळं कळलं तुला, आणि म्हणालीस, ‘आजी, मी तर त्या दिवशी घरी नव्हतेच.’ मी तुझ्या तोंडाकडे बघत म्हटलं, ‘तुला आठवत नसेल.’

तुझी हातातोंडाशी आलेली बँकेची नोकरी गेली. तू इथेच राहशील, माझे आकडे वाचत राहशील, असं साहेबांसमोर नाव सांगताना माझ्या मनात होतं का? मी सगळ्यांवर संशय घेते, तसा आता माझ्यावरही घेते. मला वाटतं, होतं.

माफी मागायला अर्जवाल्यांकडे तीन प्रकारची वाक्यं तयार असतात. वाचून दाखवली त्यांनी. मला एकही पटलं नाही.

पाणी संपलं आणि मी खिडकीशी जाऊन जबाब दिला. मुलगी म्हणाली, ‘नोटा मी स्वतः जोडल्या, एवढं वाक्य पुरे.’ मी म्हटलं, त्याच्या आधी लिही, नात त्या दिवशी घरी नव्हती. ‘त्याची गरज नाही आजी.’ ‘मला आहे,’ मी म्हटलं. तिनं लिहिलं. मग काचेवर अंगठा ठेवायला सांगितला. काच घेईना. चाळीस वर्षांच्या खळीनं आणि घासण्यानं बोटांच्या रेषाच गेल्यात. उजवा अंगठा नाही, डावा नाही, एकेक करत नऊ बोटं झाली, मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी डाव्या हाताची करंगळी काचेनं ओळखली.

पेटी त्यांनी सील करून आत नेली. मला पावतीचा एक कागद दिला. मामा दाराशी म्हणाला, ‘अकरा वर्षांनी हे सांगायला तुला आजचाच दिवस सापडला?’

मी म्हटलं, ‘एक तारखेनंतर सांगितलं असतं तर मला फुकटात पडलं असतं.’

तेव्हापासून तो तिकडे पाठ करून उभा आहे. पण गेला नाही, उभा आहे.

आजी


२ मार्च, मंगळवार

बटण,

काल नोटा संपल्या. रस्ता मात्र तसाच आहे, उलट थोडा गोंगाट वाढलाय, दर दुकानातली बाई एकाच वेळी बोलते. चौकात एकानं हातगाडीवाल्यापुढे जुनी नोट धरली. त्यानं घेतली, बघितली, आणि परत दिली, अगदी अदबीनं.

माझ्या खात्याचा प्रश्न मिटला, कारण खातंच नाही. अर्जवाले म्हणाले, ह्या पत्राचे पैसे राहू देत. मी म्हटलं, छे, मग मला संशय येतो. शेवटी त्यांच्या सदऱ्याचा उसवलेला खिसा शिवून द्यायचा असं ठरलं. मामीनं तिच्या यंत्रावर शिवला आणि अर्जवाले आत्ता त्यात पेन घालून बघतायत.

मामा बोलत नाही. पण आज सकाळी माझ्या उशाशी गुडघ्याचं औषध ठेवून गेला. माझ्याकडे आता काही नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे? सीलाची लाख त्यानंच बघितली. तरी ठेवून गेला. ह्याला आता काय हवं असेल, याचा मी दुपारपर्यंत विचार केला. काहीच सापडलं नाही. फार अस्वस्थ वाटतं. उद्या त्याला विचारणार आहे, नाहीतर औषध घशाखाली उतरायचं नाही.

तुझंही तसंच झालंय बघ. आजवर तू आली असतीस तर मी आधी तुझ्या हातांकडे बघितलं असतं, मग पेटीकडे, मग तुझ्या तोंडाकडे. आता पेटी नाही. तू आलीस तर कशाला आलीस, याचा तर्क करायला मला जागाच उरलेली नाही. नाही आलीस तर तर्क करायची गरज नाही, ते मला न सांगता कळतं.

फोन करू नकोस. फोनवर कोण बोलतंय ते मला ओळखता येत नाही, आणि औषधवाली म्हणते आता आवाजही बनवता येतात.

बँकेकडून टपालानं एक कागद आलाय, त्याची नक्कल सोबत पाठवते. मूळ कागद माझ्या उशीखाली आहे. त्यावर तुझं नाव आहे आणि लाल काही नाही, इतकं मला दिसलं. अर्जवाल्यांनी तो वाचून दाखवला. मग औषधवालीनं वाचला. मग मामीनं, घरी दार लावून. तिघांचं एकच आलं. पण तिघं आधी ठरवून आले असतील तर मला कसं कळणार? म्हातारीला बरं वाटावं म्हणून लोक काहीही वाचतात.

तू वाच. आणि काय लिहिलंय ते इथे येऊन मला सांग.

आजी